चार वाजता मशीन

मुलगी : कमरेत चार बोटं आवळून हवाय. फार ढगळ आहे.

टेलरबाई : ढगळ नाही हो, मुद्दाम तसा बेतलाय. आत हात घालून बघा, दोन्ही कडांना नाडी आहे. बसताना सोडायची, उभं राहताना ओढायची. हा झगा तुमच्याकडे कसा?

मुलगी : म्हणजे ओळखलात.

टेलरबाई : स्वतःचा टाका कोण ओळखणार नाही? तुम्ही बाईंच्या कोण?

मुलगी : मुलगी.

नणंद : मला वाटलंच. आल्या आल्या आधी कपाटं बघितलीत, मग आमचे हात. गिऱ्हाईक आधी आरसा बघतं.

टेलरबाई : वन्सं, तुम्ही तुमची काजं करा. बसा ना. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते.

मुलगी : मी उभी बरी आहे. आईच्या फोनमध्ये तुमचा नंबर 'मशीन' या नावाने आहे. दीड वर्ष, रोज दुपारी चारला. कधी चाळीस मिनिटं, कधी तास. मला वाटायचं, कुणी दुरुस्तीवाला असेल. पण आई जाऊन तीन आठवडे झाले, आणि फोन अजून चारला वाजतोय. काल मीच उलट लावला.

नणंद : आणि मी विचारलं कोण बोलतंय, तर म्हणे झगा आवळायचाय, दुकान कुठे आहे.

मुलगी : ती गेल्याचं तुम्हाला माहीत नव्हतं?

टेलरबाई : होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं.

मुलगी : मग गेलेल्या माणसाला रोज फोन कशासाठी?

नणंद : वहिनी, नाही सांगितलंस तरी चालेल. तू कुणाला बांधील नाहीस.

मुलगी : का? सांगण्यासारखं नाही?

टेलरबाई : सांगते ना. सोनोग्राफीच्या रांगेत भेटलो आम्ही. दोघींना पोटभर पाणी पाजून बाकावर बसवलेलं. दोघींची पोटं दोनदा उघडलेली, दोघींची आतडी चिकटलेली.

मुलगी : चिकटलेली म्हणजे काय ते मला माहीत आहे.

टेलरबाई : मला माझ्या भाषेत कळतं. शिवताना कधी अस्तर चुकून वरच्या कापडात धरलं जातं. इस्त्री मारली की काही दिसत नाही. घालणारा वाकला, की ओढ बसते. आतडी तशी धरली जातात. आणि तपासणारे सगळे इस्त्रीच बघतात.

मुलगी : तिसरं ऑपरेशन नको, हे तिच्या डोक्यात तुम्ही भरवलंत.

टेलरबाई : ते डॉक्टरांनी सांगितलं होतं तिला. सोडवून दिलं तरी पुन्हा चिकटू शकतं म्हणून.

मुलगी : तुम्ही तिला काय देत होता? मी सगळी कपाटं उलटी केली. एक पुडी नाही, एक बाटली नाही. म्हणजे जे काही होतं ते तोंडीच असणार.

नणंद : काही सापडलं तर आम्ही चोर, आणि नाही सापडलं तरी आम्हीच.

टेलरबाई : वन्सं.

मुलगी : तासभर काय बोलायचात?

टेलरबाई : काहीच नाही.

मुलगी : तासभर काहीच नाही.

टेलरबाई : ज्या दिवशी तिला जास्त असेल, त्या दिवशी मी फोन मशीनशेजारी उघडा ठेवायची आणि शिवत बसायची. तिकडे ती पडून ऐकायची. ज्या दिवशी मला, त्या दिवशी ती शिकवणीच्या वह्या तपासायची. मी इथे फरशीवर कुशीवर, गुडघे पोटाशी. पानं उलटलेली ऐकू यायची. मध्येच 'गाढव' म्हणायची. मला नाही, वहीवाल्याला.

नणंद : मी प्रथम ऐकलं तेव्हा मला वाटलं, मला म्हणतायत.

मुलगी : आणि याने दुखणं थांबतं?

टेलरबाई : कुठे थांबतं. पण वेळ सरतो. 'कसं वाटतंय' विचारायचं नाही, असं ठरलेलं. त्याला 'बरं आहे' म्हणावं लागतं. ते घरी दिवसभर म्हणून झालेलं असतं.

मुलगी : हे मला लागावं म्हणून बोलताय.

टेलरबाई : नाही. माझ्याही घरचं तेच आहे. विचारा यांना.

नणंद : मी आता विचारत नाही. सरळ फोन लावून देते.

मुलगी : शेवटच्या दिवशी फक्त चार मिनिटांचा फोन आहे. तेवढंच विचारायला आले मी. काय सांगितलंत तिला? चाला, गरम पाणी प्या, सोसा?

टेलरबाई : वर बघा. मशीनच्या वर, कॅलेंडरशेजारी कागद आहे. वाचा.

मुलगी : 'उलट्या. पोट फुगलेलं. वारा सरणं बंद. यातलं काहीही झालं तर मशीन बंद, तडक दवाखाना.' खाली पट्टीने दोन रेघा. हे आईचं अक्षर आहे.

टेलरबाई : एक प्रत माझ्याकडे, एक तिच्या स्वयंपाकघरात.

मुलगी : ओट्याच्या फळीआड होती. मी फाडून टाकली. मला वाटलं, कुण्या वैदूचं काहीतरी असेल.

टेलरबाई : त्या दिवशी तिन्ही लक्षणं होती. मी म्हटलं, गाडी बोलवा, नाहीतर मी येते, दोन गल्ल्यांचा तर प्रश्न आहे. तर म्हणाली...

नणंद : वहिनी, राहू दे.

मुलगी : काय म्हणाली?

नणंद : ती नाही सांगणार, मी सांगते. म्हणाली, मुलीला फोन केलाय, ती निघालीय. घ्या, कळलं आता?

मुलगी : मला फोन आलाच नाही. मी सहाला नेहमीसारखी घरी गेले, तेव्हा ती न्हाणीघराच्या दाराशी पडलेली होती. हे तुम्ही आत्ता जुळवलंत.

टेलरबाई : तसं समजायचं तर समजा.

मुलगी : तिने मला का नाही बोलावलं, हेही तुम्हाला माहीत असेल.

टेलरबाई : ते तुम्हाला माहीत आहे.

मुलगी : महिन्याभरात तीनदा नेलं होतं मी. ऑफिसातून उठून. तीनदा सगळं साफ. तिसऱ्यांदा परत येताना म्हटलं, आई, पुढच्या वेळी खरंच काही असेल तर बोलाव.

टेलरबाई : हं.

मुलगी : तिने सांगितलं तुम्हाला?

टेलरबाई : रागाने नाही. म्हणाली, पोरीची रजा संपत आलीय.

मुलगी : त्या दिवशी तुमचे नऊ फोन होते. सहानंतरचे मी कापले. स्ट्रेचर ढकलत होते. म्हटलं, या दुरुस्तीवाल्याला आत्ताच सुचतंय.

टेलरबाई : मी मशीन बंद करून उठले होते, दारापर्यंत गेले. मग वाटलं, लेक येतेय, आपण मध्ये कशाला. परत येऊन बसले. तो सदरा तिथेच टांगलाय बघा. एक बाही लावलीय, एक राहिलीय. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं.

नणंद : मी लावते म्हटलं, तर हात लावू देत नाही.

मुलगी : मग रोजचा फोन?

टेलरबाई : माझं पोट कुठे गेलंय? चार वाजले की ओढ लागते. तिकडे वाजतंय, एवढं ऐकत तेवढा वेळ टेकते. तुम्हाला त्रास होत असेल तर नाही लावणार.

मुलगी : सोमवारी नंबर बंद करायला देणार होते.

टेलरबाई : द्या की.

मुलगी : उद्या लावा. मी उचलेन. नुसतं मशीनच ऐकू येतं का, ते मला स्वतःला बघायचंय.

नणंद : अजून विश्वास नाही वाटतं.

मुलगी : नाही.

टेलरबाई : नसू दे. झग्याचं काय करू? आवळू?

मुलगी : नको. तसाच द्या.

टेलरबाई : आणि उद्या माझाच दिवस वाईट असला तर? मशीन नाही चालायचं. तुझ्याकडून काय ऐकू येईल मला?

मुलगी : आईच्या शिकवणीच्या तेरा वह्या तपासायच्या राहिल्यात. लाल पेन आतच आहे.