लंडनच्या हापिसातले पेढे

नारायणगावहून जुन्नरला निघालेल्या एसटीत नीलम खिडकीकडं तोंड करून बसली होती, पण कान मात्र पुढच्या बाकावर होते. तिथं डिंगोऱ्याचे गोरखभाऊ मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारच्याला सांगत होते.

“आमची प्राची लंडनला बँकेत इंटर्न व्हती. तीन महिन्यांनी माघारी येणार, म्हणून भावकी हसायला टपूनच बसली व्हती.”

“आली का मग?”

“ऐका तर. थोरल्या पोराला मुलगी झाली. मी फोनवर म्हणलो, आत्या झालीस, हापिसात पेढे वाट.”

“लंडनात पेढे मिळत्यात?”

“मिळत्यात राव! गोरे, चिनी, आफ्रिकेचे, समद्यांनी खाल्ले. पण तिथं म्हणं, नोकरी सोडणारा गोड वाटतो.”

“आरं तिच्या!”

“साहेबानं आत बोलावलं. म्हणला, दुसरीकडं नोकरी लागली का? आमी तर तुला कायम करणार व्हतो!”

“मग?”

“पोरगी म्हणली, मी कुठंच चालले न्हाई. साहेबानं तिथंच ऑर्डर काढली!”

“मंग हे पेढे नातीचे का लेकीचे?”

“दोघींचे. ओ ताई, खिडकीतून काय बघताय? समदं ऐकलंय तुमी. घ्या. एक न्हाई, दोन घ्या.”