बघायचे पिच्चर, सांगायचे पिच्चर

मी औशाचाच. किल्ल्याच्या मागल्या अंगाला आमची गल्ली, बाप भुसार बाजारात हमाली करायचा, माय लोकाच्या रानात जायची, आन मी शाळा सोडून टॉकीजच्या दारात. काय सांगू तुमाला, त्या दारात उभं ऱ्हायलो म्हून बापाचा मार लई खाल्ला, पर शेवटाला त्याच टॉकीजनं भाकरी दिली. आवाज खणखणीत होता माझा. मालकानं रिक्षावर भोंगा बसवून दिला आन म्हणला, फिर गावोगाव, पिच्चरची तारीफ कर. मंग काय, लामजना, बेलकुंड, भादा, जिथं बाजार भरंल तिथं मी.

त्या कामाचा कायदा एकच, वाईट म्हणायचं न्हाई. बाजारात बाया रिक्षाला आडव्या व्हायच्या, भाऊ, रडू हाय का पिच्चरमध्ये, आसंल तर येतो. हाव माय, लई रडू हाय. आन टॉकीजमध्ये येऊन बघावं तर नुसती मारामारी. दुसऱ्या बाजाराला त्याच बाया मला गाठायच्या, तुझ्या तोंडात किडे पडोत म्हणायच्या, आन पुढच्या पिच्चरला पुन्हा यायच्या. असं लई वर्षं चाललं. मंग टॉकीज बंद पडली, तिथं सोयाबीनचं गोदाम झालं, आन मी ओळखीपाळखीनं वाचनालयात शिपाई लागलो. पेपर लावायचे, धूळ पुसायची, माठ भरायचा.

आता वाचनालयात हे पिच्चरचं कपाट कसं आलं ते सांगतो. नांदेडला विष्णुपुरीकडं एक रिटायर प्रोफेसर होते, मूळचे इकडलेच, त्यांनी जिंदगीभर पिच्चरच्या डिस्का जमवलेल्या. म्हातारपणी म्हणले माझ्या मागं घरचे भंगारात घालतील, त्यापरीस गावाला जाऊ द्या, आन खोकी बांधून येष्टीनं पाठवून दिली. आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणल्या, मामा, तुमी टॉकीजचं माणूस, हे तुमीच बघा. बसलो बघत. दुपारी वाचनालय खाली ऱ्हातंय, मागच्या खोलीत टीव्ही हाय, एक एक करून सगळे बघून काढले. कुठले कुठले परदेशी, भाषा कळंना, पर माणूस रडून राहिला का हसून राहिला ते कळतंच की.

लोकं डिस्का घरी न्यायला येतात, तवा माझी इचारायची रीत येगळी. कसला पिच्चर पाहिजे हे मी इचारतच न्हाई. मी इचारतो, घरात कोण कोण बसणार? सासरा बसणार आसंल आन सूनबी, तर हा नका नेऊ, मधीच एक जागा अशी येती की सासऱ्याला उगंच तंबाखू मळत भाईर जावं लागंल. आजी बसणार का? मंग ज्याच्यात म्हाताऱ्या माणसाचे हाल हायत तो नगं, घरात भांडण लागतंय, माझंबी असंच करणार तुमी म्हून. मयताच्या घरी हसायचा देतो, पर एकदम हसायचा न्हाई, हळू हसायचा. आन बेकार आसंल तर तोंडावर सांगतो, बेकार हाय, नेऊ नका. भोंग्यावर जलमभर खोटं बोललो, त्याची फेड करून राहिलो म्हणा. पोरं म्हणतात, मामा, आता मोबाईलवर सगळं हाय. हाव, हाय बाबा. पर मोबाईल इचारत न्हाई, सासरा घरात हाय का म्हून.

आता खरं सांगायचं ते आमच्या घरचीचं. गयाबाई तिचं नाव. माझं लग्न झालं तवा मी भोंग्यावर, मालक पास द्यायचा, पर माय म्हणायची, टॉकीजवाल्याची बायकू टॉकीजमध्ये बसली तर लोकं काय म्हणतील. न्हाई गेली. मंग लेकरं, मंग निंदण-खुरपण, मंग टीव्ही आला तर टीव्ही हिकडं आन चूल तिकडं, तिची पाठ कायम टीव्हीकडं. तिनं सगळे पिच्चर पाठीनं बघितले. भाकरी थापत इचारायची, मेला का हो तो? मी म्हणायचो, हाव, मेला.

मागं एकदा ती चौकटीला धडकली. आम्ही म्हणलो होतंय कधी. मंग पाण्याचा तांब्या हातानं उडायला लागला, बाजूला बसलेलं लेकरू दिसंना, रस्त्यानं गाडी आंगावर आली तरी कळंना. लातूरला नेलं. डॉक्टर म्हणले काचबिंदू हाय, लई उशीर केला. बाजूची नजर गेली, मधली तेवढी राहिली, गेली ती येत न्हाई, थेंब घाला आन राहिलेली जपा. मी इचारलं, किती दिवस जपंल? ते म्हणले, तसं सांगता येत न्हाई. येताना येष्टीत ती तोंड पलीकडं फिरवून बसली. मला वाटलं रडून राहिली, बघितलं तर खिडकीतून भाईर बघून राहिली, नुसतं बघून राहिली.

मला एकच लागून राहिलं, सगळ्या औशाला पिच्चर सांगतो आन हिनं एक सरळ बसून बघितला न्हाई. नजर हाय तवर एक तरी बघावा, आन बघावा तो असा की जलमाचं सार्थक व्हावं. आता कुठला? काय सांगू तुमाला, लोकाला चुटकीत सांगणारा मी, कपाटापुढं उभा ऱ्हाऊन घाम फुटला. काढायचो, ठेवायचो. शेवटाला एक हिंदीतला काढला, नवरा परमुलखात गेलेला आन बायकू वाट बघत बघत गावातल्या पोरींची शाळा काढती, शेवटी तो येतो तवा ती त्याला वळखत न्हाई. त्याला न रडलेलं माणूस मी बघितलं न्हाई.

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमी पिच्चर लावतो, म्हातारी माणसं, बाया, कॉलेजच्या पोरी येतात. गयाला इस्त्रीची साडी नेसवून आणली, एकदम पुढं बसवली. पिच्चर संपला, सगळ्या खोलीचे डोळे वले, मॅडम नाक पुसून राहिल्या. मी इचारलं, कसा होता? बरा होता म्हणली. नुसता बरा? मंग ती म्हणली, लई बोलत्यात हो ती. हे तर मला भाकरी थापतानाबी कळलं असतं. कानाचं काम हाय हे, डोळे कामून खर्ची घालायचे?

लागलं मला. टॉकीजमध्ये केस पांढरे झाले आन हे कुणी बोललं न्हवतं.

मंग तीच म्हणली, कुणीच बोलत न्हाई असा हाय का एखादा? होता एक. प्रोफेसरच्या खोक्यातला, समुद्राच्या पोटातले मासे, ना गोष्ट ना बोलणं, मीच त्याला बिनकामाचा म्हणायचो, कुणाला दिलाच न्हवता. लावला. आता आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, समुद्र हिच्या सात पिढ्यांनी बघितला न्हाई. आन गया, बाजूची नजर न्हाई म्हून मासा जिकडं जाईल तिकडं अख्खं तोंड फिरवून राहिली, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, पदर पडला तरी ध्यान न्हाई. आगं माय, आगं माय, एवढंच. मी मासे बघितलेच न्हाईत. तिच्याकडं बघत बसलो आन मला हुंदका आवरंना, मी माठ भरायचं निमित्त काढून भाईर आलो.

घरी जाताना ती म्हणली, हे बघा, मला दिसतंय तवर असे बघायचे द्या. ते बोलणारे, गोष्टीचे, ते मागं ठेवा. मला दिसायचं बंद झाल्यावर तुमी सांगा, मी ऐकते.

तवापासून मी कपाट येगळं लावलं. वरच्या फळीवर बघायचे, मासे, बर्फ, वाळवंट, एक नुसता रेल्वेचा हाय, एक नाचाचा. खालच्या फळ्यांवर सांगायचे. ते मी पुन्हा बघून राहिलो दुपारी, कुठं थांबायचं, कुठलं आधी सांगायचं, ध्यानात ठेवून राहिलो. खालचे पुष्कळ हायत, जलम पुरंल. वरचे थोडे, दर रविवारी गयाला त्यातला एक लावतो. पहिल्यापरीस आता ती टीव्हीच्या लई जवळ बसती. थेंब सकाळ-संध्याकाळ मीच घालतो, चुकवत न्हाई. फळी आधी सरती का तिची नजर, ते काय आपल्या हातात हाय?

तुमाला पाहिजे का एखादा? तुमचे डोळे चांगले हायत, तसेच ऱ्हावोत, वरच्या फळीवरचाच न्या. फकस्त रविवारच्या आत आणून द्या.