लिंबू माप मानत नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आमच्या हॉटेलचे मालक. व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, आमचे उस्ताद. पहिल्या रांगेतल्या काकू, म्हणजे उस्तादांच्या सौ., आणि आज पाहुण्यांसारखे खुर्च्यांवर बसलेले माझे सहकारी,

आज निवृत्त होणाऱ्या उस्तादांनी तीस वर्षं आपला बार सांभाळला. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं आहे. मला भाषणाची सवय नाही. काउंटरमागच्या माणसानं ऐकायचं असतं.

अध्यक्षांनी आत्ताच जाहीर केलं, की उस्तादांचं ते उंच ग्लासातलं पेय उद्यापासून यादीतून काढणार. "त्यांच्या जिभेची सर कुणाला येणार?" असं ते म्हणाले. भावना मोठी आहे. पण गोष्ट तशी नाही.

उस्ताद, सांगू का?

ते म्हणतायत, "सांगून टाक बाई. आता मला कोण काढणार?"

पेय साधं. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक. बर्फ घालून शेकरमध्ये हलवायचं, गाळायचं, वर फसफसणारी वाईन सोडायची. वाईन शेकरमध्ये घालायची नाही. पहिल्याच दिवशी मी घातली. झाकण छताला लागलं, उरलेलं अध्यक्षांच्या कोटावर. उस्ताद इतकंच म्हणाले, "बुडबुडे गिऱ्हाइकाला द्यायचे असतात. मालकाला नव्हे."

मग अवघड काय? लिंबू. बाकी सगळं मापात बसतं, लिंबू माप मानत नाही. आजचं आंबटढाण, उद्याचं नुसतं पाणी. म्हणून वाईन ओतण्याआधी थेंबभर चाखावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी उस्तादांना ताप आला. जाताना तो चव घेऊन गेला. मीठ काय, साखर काय, सगळं सारखं. राजीनामा लिहून त्यांनी खिशात ठेवला होता. मी म्हटलं, "हात चालतात ना? मग जीभ माझी घ्या." तेव्हापासून चाखायची मी. नॅपकिन डाव्या खांद्यावर टाकला की पाक, उजव्या खांद्यावर टाकला की लिंबू. एका लग्नात उकाड्यानं मी तो उगाच उजवीकडे घेतला. उस्तादांनी लिंबू पिळलं. मी घाईनं डावीकडे टाकला, त्यांनी पाक ओतला. नवरदेवाच्या नशिबी काय आलं, देव जाणे.

काय म्हणालात, काकू? "तीन वर्षं भाजीला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच ओळखायला हवं होतं." खरं आहे.

पण ही जीभ तरी माझी कुठली? ताप येण्याआधी आठ वर्षं उस्ताद रोज मला एक थेंब द्यायचे आणि विचारायचे, "काय कमी आहे?" उत्तर त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मला सापडेपर्यंत थांबायचे. गिऱ्हाईक ताटकळलं तरी थांबायचे.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण ग्लास रिकामा करून म्हणालात, "उस्तादांच्या हातचा शेवटचा!" तो मी एकटीनं केला होता. उस्ताद तेव्हा आत खुर्चीत बसून बूट पुसत होते. मी नॅपकिन खांद्यावर टाकला, तर म्हणाले, "कुणाला खुणा करतेस? कर तू."

यादीचं काय ते आता आपण ठरवा.

उस्ताद, तुमचे आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही. बाकी सगळ्यांचे मानते. कामं टाकून आलात, ऐकून घेतलंत. बोलण्यात काही आगाऊपणा झाला असेल, आणि तीन वर्षं आपल्यापासून जे लपवलं, ते सगळं पोटात घाला.