पेन्सिलीची खूण

दौंडच्या एसटी स्टँडवर शिरूरच्या गाडीची वाट बघत हौसराव बसले होते. शेजारच्या तरुणाचा फोन स्पीकरवर होता.

"नोएल, तुझा परदेशी सरडा पानावरचं पाणी चाटाय लागलाय बघ."

"आन् अंडी, मम्मी?"

"त्यांची नको काळजी. पेन्सिलीची खूण बघितली, तवाच वळखलं. कोंबडीची अंडी उबवाय ठेवताना आम्हीबी अशीच खूण करायचो, कुठलं फिरवलं ते कळावं म्हणून. गजर लावून दिवसातनं तीनदा उठते आन् सगळी फिरवते."

हौसरावांनी मान डोलावली. त्यांच्या घरीही तसंच करायचे.

"बरं केलंस, मम्मी."

फोन बंद झाल्यावर नोएलच्या मित्रानं विचारलं,

"सरड्याची अंडी फिरवल्याली चालत्यात व्हय?"

"न्हाई. आतलं पिल्लू मरतं. वरची बाजू वरच राहावी म्हणून तर खूण केलती."

"मग बोलला का न्हाईस? दोन वर्षं खपलास तू त्या जोडीपायी!"

"पप्पा गेल्यापासनं ती अंथरुणातनं उठत नव्हती, विश्वजीत."

"आरं, पन पिल्लं निघाली न्हाईत म्हंजी कळंलच की तिला."

"त्याला अजून पाच महिने हाईत."