काकूंनी नाव घेतलं

कायदा शिकलं की अन्याय दिसेल तिथे केस ठोकता येते, असं मला खरंच वाटायचं. अमेरिकेत शिकून मी इंग्लंडमध्ये वॉटफर्डला घरी परतले, तर आमचं कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, वृद्धांचं डे सेंटर बंद करायला निघालेलं. शेजारच्या सुलभाकाकूंचे यजमान रोज तिथे जायचे. स्मृतिभ्रंशामुळे ते घरी गप्पच असत. तिथे निदान गाण्यावर ताल धरायचे.

काकू नको म्हणत असताना मी दोघांनाही एका सॉलिसिटर बाईंकडे नेलं.

"कौन्सिलला मी कोर्टात खेचणार," मी म्हटलं.

"यात तुझं काय नुकसान होतंय?" बाईंनी विचारलं.

"माझं नाही, पण अन्याय होतोय ना!"

"मग तो ज्याच्यावर होतोय, त्याच्या नावाने केस करू. ती जास्त टिकेल. कोणावर होतोय?"

"ह्यांच्यावर," काकू म्हणाल्या.

"नाव?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना गं." लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यातच घेतलं होतं.

मी तोंड उघडलं, पण बाईंनी मला थांबवलं. "त्यांनाच सांगू दे. नवऱ्याच्या वतीने उभं त्यांनाच राहायचंय."

काकूंनी कोट सारखा केला, आणि त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "दत्तात्रय विष्णू सबनीस."

शेजारच्या खुर्चीत काकांनी मान वर केली.

"काय गं?"

काकूंनी त्यांचा हात धरला. "काही नाही हो. तुमच्यासाठी भांडायला आलेय."