सरांच्या मिशीवरचा पाक

मोठी माणसं खोटं बोलत नाहीत, हे मला एम.ए.च्या तोंडी परीक्षेत शिकायला मिळालं, ऐका. देवपूरच्या आमच्या कॉलेजात पाचोऱ्याहून एक सर परीक्षक म्हणून आले होते. निवृत्तीला टेकलेले, भरघोस मिशा, पुढ्यात जिलेबीची बशी.

त्यांनी विचारलं, "या कादंबरीत एकच भांडण तिघं सांगतात. सासरे, नवरा आणि सून. विश्वास कोणावर ठेवायचा?"

"सुनेवर," मी म्हटलं. "ती स्वतःच्या चुकाही सांगते. सासऱ्यांच्या सांगण्यात सासऱ्यांचं कधीच काही चुकत नाही."

"ते वयाने मोठे आहेत, ताई. त्यांना खोटं बोलायची गरजच काय? उत्तर बदला, नाहीतर मार्क जातील."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून काकू होत्या. सर शुद्ध मराठीतून थेट अहिराणीत उतरले. "नही वं, गोड काहीच नही खादं. बिनसाखरना चहा शे फक्त." फोन ठेवला आणि आणखी एक जिलेबी उचलली.

"हं, तर विश्वास कोणावर ठेवायचा?"

"काकूंना विचारून सांगू का, सर?"

सरांना ठसका लागला. मग त्यांनी मुकाट्याने पूर्ण मार्क लिहिले. बाहेर येऊन मात्र आमच्या मॅडमना म्हणाले, "मुलगी गोंधळली होती. मीच उत्तर समजावलं."

म्हणजे आता या परीक्षेचेही दोन निवेदक झाले, आणि वयाने मोठे तर सरच. फक्त हे सांगताना त्यांच्या मिशीला पाक चिकटलेला होता.