बोथचं अर्धा तास पुढचं घड्याळ

ऐका, मोठ्यांची अक्कल सांगतो. माझी ताई शिक्षिका. तिला संस्थाचालकाची तक्रार करायची होती, पण नाव फुटलं की नोकरी गेली. म्हणून मी जैनथ, आदिलाबाद, बोथ अशा तीन गावांतल्या कम्प्युटरांतून मेसेज फिरवून पाठवणाऱ्याचं नाव लपवणारं नेटवर्क उभारलं. बोथचा कम्प्युटर रिटायर मामांकडे, आणि नेमका तोच बाकीच्या दोघांशी जुळेना. जाऊन पाहिलं, तर त्याचं घड्याळ अर्धा तास पुढे. वेळ जुळल्याशिवाय हे चालतच नाही.

"मामा, असं काऊन?"

"ऑफिसात वेळेवर पोचावं म्हणून. तीस वर्षं घरातली सारी घड्याळं अशीच हायेत."

"अन् तुमी पोचत होते कवा?"

"अकराला. सायबाच्या आधी!"

"मंग घड्याळ कायले? कॅलेंडरच लावा ना."

वेळ बरोबर केली, तक्रार गेली. ताईचं नाव अजून कोणाला कळलं नाही. मी उद्धट आहे, हे मात्र संध्याकाळपर्यंत अख्ख्या बोथला कळलं.